पाच किलो चारशे

डिसेंबरातले ऊन वणीच्या त्या जिनिंगच्या आवारात एकदम येत नाही. आधी ते पत्र्याच्या कडेवर बोटभर थांबते, मग भिंतीवरून सावकाश उतरते, धुळीत पसरते आणि शेवटी कापसाच्या गंजीपाशी येऊन आडवे होते. त्या आडव्या उजेडात पांढऱ्या गंजीवरची एकही खूण लपत नाही. आदल्या संध्याकाळी हमालांच्या टाचांनी पडलेले खळगे दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कुणाला दिसत नाहीत. सकाळी मात्र प्रत्येक खळग्यात सावली भरून राहते. वीस वर्षे हाताने कापूस पारखणाऱ्या विठ्ठलरावांना म्हणूनच सकाळ आवडे. त्या वेळी कापूस खोटे बोलू शकत नाही, असे ते म्हणत.

आज ते गंजीकडे पाठ करून सरकीच्या पोत्यांच्या काट्यावर उभे होते. पायांत नवे बूट होते, गळ्यात टॉवेल. राजूरच्या रस्त्याने चार किलोमीटर धावून ते थेट इथेच आले होते. काट्यावरचे लाल आकडे थोडे थरथरले आणि स्थिरावले.

"किती, भाऊ?" सेवादास हमालाने पोत्यावर बसूनच विचारले.

"त्रेसष्ट चारशे."

"दिवाळीत अठ्ठावन होते. पाच किलो चारशे वाढले." सेवादासने तंबाखू मळता मळता मान हलवली. "लोक धावून धावून वाळतात, अन् तुम्ही भरून राह्यले. रस्त्यात कोणाच्या हाटेलात थांबता, आमालेबी सांगा ना."

"व्यायामाचं वजन आहे हे, सेवादास. चरबी नोहे. अंग कमावलं म्हणतात याले."

विठ्ठलराव काट्यावरून उतरले. पण उतरताना त्यांनी आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिले. जन्मभर गाव त्यांना काडीपैलवान म्हणत आले होते. आता कुठे सदऱ्याची बटणे ताणू लागली होती, गाल वर आले होते, चहाच्या टपरीवर कुणी तरी खांद्यावर थाप मारून तब्येतीचे गुपित विचारी. हे सुख इतके उशिरा आले होते की त्याला हात लावून पाहण्याचीही त्यांना भीती वाटे.

बेबीताईंना मात्र ते सुख दिसत नव्हते. काल दिवेलागणीला त्यांनी नवऱ्याच्या घोट्याकडे बोट दाखवले होते. "सकाळी काढला मोजा, अन् वळ अजून तसाच आहे. मामाजीच्या, तुमच्या बाबाच्या, किडन्या गेल्या तवा त्यायचे पाय असेच होते. यवतमाळले चला, रक्त तपासून घेऊ."

"मोजे घट्ट आहेत," विठ्ठलराव म्हणाले होते. "सीजन होऊ दे."

आठ वाजता फाटकातून कापसाची गाडी आत आली. मुकुटबनकडच्या एका तांड्यावरची जमनाबाई ड्रायव्हरशेजारून खाली उतरली आणि चाकाला टेकून उभी राहिली. पदराखालचे तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते.

वरचा थर कोरडा आणि स्वच्छ होता. विठ्ठलरावांनी कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना गारवा लागला. त्यांनी आतला कापूस बाहेर काढला, मुठीत करकचून दाबला आणि मूठ उघडली. कोरडा कापूस मूठ उघडताच फुलून येतो. हा फुलला नाही. चार बोटांच्या खुणा अंगावर घेऊन तो तळहातावर तसाच पडून राहिला.

"पाणी मारलं, बाई."

"दव असन, भाऊ. रातभर गाडी उघडी होती."

"दव वरून पडते. हा वरून कोरडा अन् आतून ओला आहे." त्यांनी तो गोळा तिच्यासमोर धरला. "वजन वाढलं, बाई. कापूस नाही वाढला."

सेवादास हसला. जमनाबाईने त्या गोळ्याकडे पाहिले, मग विठ्ठलरावांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"मारलं," ती म्हणाली. "दोन बादल्या. मले वाटलं, खपून जाते का पाहू. तुमच्या हाताशी खोटं बोलून काय फायदा? वाळवून आणतो."

ती पुन्हा ड्रायव्हरशेजारी चढून बसली. गाडी वळली, फाटकाबाहेर गेली, आणि तिच्या मागची धूळ उन्हात बराच वेळ तरंगत राहिली.

विठ्ठलराव गंजीच्या आडोशाला जाऊन बसले. बूट आवळत होता. त्यांनी नाडी सोडली, मोजा खाली सरकवला. तळहात अजून ओलसर होता. तो त्यांनी पँटला पुसला. मग, कुणी पाहत नाही याची खात्री करून, त्यांनी नडगीवर अंगठा टेकवला आणि कापूस दाबताना लावत तेवढाच जोर लावला. मनात दहा आकडे मोजले. अंगठा उचलला.

तिथे खळगा राहिला.

ते थांबले. पलीकडे सेवादासने एक पोते काट्यावर टाकले, उतरवले, दुसरे टाकले. ऊन आता त्यांच्या पायावर आडवे झाले होते, आणि त्या अंगठ्याएवढ्या खळग्यात सावली भरून राहिली होती.

"भाऊ, या ना, दुसरी गाडी आली," सेवादासने हाक मारली.

विठ्ठलरावांनी मोजा वर ओढला. पाच किलो चारशे. सगळे पाणी होते.