ज्याची कल्पना, त्याचा फोटो

पत्रा ठोकणारी ती प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली आदळायची नाही. फिटरने एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलं. एक हात मोकळा झाला आणि माल दुप्पट निघू लागला. 'ज्याची कल्पना, त्याचा फोटो' असं लिहिलेल्या फलकावर मात्र साहेब झळकले. "तुझं काय नि माझं काय, एकच की रे!" म्हणाले. फिटर दात-ओठ खात पुन्हा कामाला लागला.

आज त्याच प्रेसने त्याच्या मेव्हण्याच्या पंजाचा चेंदामेंदा केला. त्याला दवाखान्यात पोचवून, रक्ताने माखलेल्या शर्टानिशी फिटर ती पाचर उपटायला धावत आला.



फलकावर आता फिटरचा फोटो होता, आणि साहेब पोलिसांना सांगत होते, "आमच्याकडे कुणी कुणाचं श्रेय लाटत नाही."