शेवटच्या अक्षरावरचा जोर

"मडमसाहेब मरताना काय म्हणाल्या, तेवढंच सांग," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

सरूबाई वडगावच्या कोर्टात उभी होती. समोर आरोपी म्हणून तिचा नवरा, बजरंग. लोणावळ्याच्या एका बंगल्यात ती घरकामाला आणि तो माळी. मालक स्पेन देशाचे. नागफणीच्या कड्यावरून मडम पडली, तेव्हा वर साहेब आणि बजरंग दोघंच होते. साहेब म्हणत, मी पाठमोरा होतो, माळ्यानंच ढकललं. बजरंग म्हणे, साहेबानं. सरूबाईचा नवऱ्यावर विश्वास होता. पण गोऱ्यापुढे माळ्याचं कोण ऐकणार?

मडमेला जवळच्या कुरवंडे गावात आणलं, तिथं सरूबाईच्या मांडीवर तिनं प्राण सोडला. शेवटी म्हणाली, "मे तिरोऽ."

सरूबाईला ते कळलं होतं. दोन वर्षं रोज दुपारी मडमेनं व्हरांड्यात टेबलावर बोटं आपटत तिला आपली भाषा शिकवली होती. साहेबांना पत्ता नव्हता. 'मे' म्हणजे मला. 'तिरो'चा जोर पहिल्या अक्षरावर, 'तीऽरो', तर फेकणारी मी. जोर शेवटच्या अक्षरावर, तर फेकणारा तो, आणि फेकून झालेलं. तो म्हणजे कोण, ते मात्र शब्दात नसतं.

"मे तीऽरो," सरूबाई म्हणाली.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मॅजिस्ट्रेटनी अर्थ त्यांनाच विचारला.

"मी स्वतःला झोकून देते," ते म्हणाले, आणि तोंड झाकून रडू लागले.

अडाणी बाईला ही भाषा कुठून येणार? ऐकलं तेच तिनं सांगितलं असणार, असं कोर्टानं धरलं. बजरंग सुटला.

स्टेशनाच्या वाटेवर त्यानं हळूच विचारलं, "बाई खरं काय म्हनली व्हती?"

"त्यानं मला फेकलं, असं. मी फिरवून सांगितलं. साहेब सुटला, पन तुमी तरी वाचलात."

बजरंग थांबला. मागंपुढं कुणी नव्हतं.

"तुला बोटीनं तिच्या मुलखाला न्हेनार व्हती. कड्यावर मलाच हसत सांगितलं. म्हनली, सरू आता आमची भाषा बोलती."

सरूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे पाय मागे सरकले.

त्यानं तिचं मनगट धरलं.

"चल घरी. आता तुजं कोन खरं मानतंय?"