गाऱ्हाणं

"ह्या चेडवाच्या कामाक यश दी रे म्हाराजा!" विहिरीपाशी नारळ ठेवून लवूकाकांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. मिरचीचे वाफे सोडून आलेली वाडी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

बेटावर गोडं पाणी शोधायला रिसॉर्टने मला बोलावलं होतं. पहिला नळ वाडीला, असं मॅनेजर म्हणाले. तेच मी वाडीत सांगितलं. मग विहिरीचा झरा रिसॉर्टच्या आवारातून नेमका कुठून येतो, ते काकांनीच मला दाखवलं.

मॅनेजरनी माझ्या नकाशावर तिथेच फुली मारली. "इथे बोअर. स्विमिंग पूल भरेल."

"त्यांची विहीर आटेल! आणि नळ?"

"नळाचं बोललो नसतो, तर त्यांनी झरा दाखवला असता?"

फाटकाशी काका उभे होते, हातात प्रसादाचं खोबरं. "गावला मां पाणी, बाय?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी तिथूनच विहिरीकडे वळून हात जोडले.