बिनडब्याचा खेळ

चंद्रकुमारने डब्याचं झाकण थेट भूमिकाच्या सुपात ठेवलं, तेंदूच्या ओल्या पानांवर. वर रंगीत तलाव, त्याखाली 'पाळ : भाग दोन' आणि त्याखाली भूमिकाचं नाव.

"छापून बी झालं?" भूमिकाने विचारलं. ती आई आणि शेजारच्या दोघींसोबत ओसरीवर बिड्या वळत बसली होती.

"झालं ना बेटा. नागपूर, रायपूर, सगळे विचारून राहिले, भाग दोन कब आयेगा. आता तू फक्त आतला खेळ बनवून दे."

झाकण तयार, खेळाचा पत्ता नाही. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण चंद्रकुमारला त्यात काही वावगं वाटलं नाही. गोंदियात त्याचं खेळण्यांचं दुकान होतं. पटावर तलाव बांधायचा, पाळ म्हणजे त्याचा बांध फुटू द्यायचा नाही, शेवटच्या शेतापर्यंत पाणी न्यायचं, हा भूमिकाने घरी बसून रचलेला खेळ पहिल्यांदा दुकानात मांडला तो त्यानेच. तेव्हा खेळाला कोणी हात लावत नव्हतं. आता तो घरोघरी गेला होता. चंद्रकुमारचे उपकार खरे होते आणि तो ते विसरू देत नव्हता.

भूमिकाने झाकण उचलून त्याच्या हातात परत दिलं. "काकाजी, मी फोनवर सांगतलं होतं. पाळचं झालं आता. मी दुसरं करून राहिली."

"दुसरं काय?"

"हेच."

चंद्रकुमारने ओसरीवर नजर फिरवली. चार बाया, चार सुपं, पानं, जर्दा, दोरा. पट नाही, सोंगट्या नाहीत, फासा नाही. "कुठं आहे?"

भूमिकाची आई, निर्मलाबाई, हसली. "दाखवा वं भाऊले. रुख्मिणी, तुझी बारी होती ना?"

शेजारची रुख्मिणी वळता वळता सांगू लागली. सकाळी उठली, बकरी सोडली, कोहमाऱ्याला गेली, फाट्यावर भाची भेटली, भाचीने समोसा खाऊ घातला. खेळ असा की सांगण्यात एक गोष्ट खोटी घालायची आणि हात चालू ठेवायचे. बाकीच्यांनी तोंडाकडे नाही, हातांकडे लक्ष द्यायचं. तोंडाला खोटं बोलायची सवय असते, हातांना तेवढं जमत नाही. समोशापाशी रुख्मिणीची बोटं पानावर अडली.

"हात थांबला!" तिघी ओरडल्या. "समोसा खोटा!"

"कोण देते वं समोसा," रुख्मिणी म्हणाली. हरणारीने पकडणारीची पानं कापून द्यायची, हा दंड. सगळ्यात आधी ओरडली होती पुष्पाबाई. रुख्मिणीने कुरकुरत तिची पानं ओढून घेतली आणि कैची चालवायला लागली.

चंद्रकुमारलाही हसू आलं. पण व्यापाऱ्याचं हसू ते, फार वेळ टिकलं नाही. "अच्छा आहे. पण डब्यात काय टाकू?"

"काही नाही."

"मग विकू काय?"

"नका विकू. हा झाला का धानाच्या रोवणीचा करतो. वाकून, चिखलात उभं राहून खेळाचा."

"पागल झाली का तू?" चंद्रकुमारचा आवाज चढला. "लोक तुझं नाव घेऊन राहिले, अन् तू इथं बिड्यावाल्या बायांत बसून राहिली!"

आता मात्र भूमिकाला राग आला, चांगलाच आला. "तुमचा तो डबा किती घरी गेला, काकाजी! माह्या आईनं एकदा बी नाही खेळला. काऊन, माहीत आहे? सोंगटी उचलाले हात लागते. हिचा हात मोकळा कधी राहाते? पहिला डबा मी हिच्यापुढंच उघडला, तं म्हणे, तू खेळ, मी आयकतो."

निर्मलाबाई मान खाली घालून वळत राहिली. चारचौघांत हे निघायला नको होतं, असं तिला वाटलं. बरंही वाटलं.

चंद्रकुमार ओसरीच्या पायरीवर टेकला. माणूस काही वाईट नव्हता. त्याला तो खेळ मनापासून आवडायचा, त्याची नातवंडं त्यावरून भांडायची. हलक्या आवाजात त्याने विचारलं, "एक सांग बेटा. इतके वर्ष दिले तू त्या खेळाले. सोडताना काहीच नाही वाटत?"

"नाही वाटत," भूमिका म्हणाली.

आणि तिचा हात थांबला. अर्धं वळलेलं पान उलगडलं, जर्दा मांडीवर सांडला.

या वेळी कोणी ओरडलं नाही. रुख्मिणीने पुष्पाबाईकडे पाहिलं, पुष्पाबाईने दोऱ्याकडे. शेवटी निर्मलाबाईच हळूच म्हणाली, "थांबला वं."

चंद्रकुमार ताडकन उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. "बघ! तुझाच खेळ बोलून राहिला, मी नाही! आता सांग, कधी सुरू करते?"

भूमिकाचे डोळे भरून आले होते. ते तिने लपवले नाहीत. मांडीवरचा जर्दा झटकला, आईच्या सुपातली पानं आपल्याकडे ओढली आणि कैची हातात घेतली.

"हारली मी," ती म्हणाली. "तरी नाही बनवत. आई, तुझी बारी."