चपलांचा तिसरा जोड

कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या बाई आमच्या नऊ महिन्यांच्या पिल्लाला कायमचं न्यायला आल्या. त्याने सासूबाईंच्या नव्या चपलांचा तिसरा जोड कुरतडला होता आणि खेळताना तो सगळ्यांच्या हातांना चावायचा. “कितीही मारलं, तरी सुधारत नाही,” मी म्हणाले. “खेळायला काय देता?” बाईंनी विचारलं. “माझ्या जुन्या चपला. आणि हे त्याच्याशी कुस्ती खेळतात,” मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. अर्ज भरता भरता बाई थांबल्या. “मग जुनी चप्पल कुठली आणि नवी कुठली, हे त्याने कसं ओळखायचं? तुम्ही त्याला पावती दाखवता का?” “शाळेत विज्ञान शिकवते हो ही,” सासूबाई म्हणाल्या. माझे कान तापले. “राहू द्या त्याला इथेच,” पुटपुटत मी त्याच्या गळ्यातला पट्टा सोडायला वाकले. मार बसणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.