पाळबांध्यांचं ठाण

तलावाच्या पाळीवर चढताच पुंडलिकराव पाळबांधे यांनी चपला काढल्या. ही मातीची पाळ फुटली तेव्हा मूळ पुरुष गोमाजीनं ती अंगावर तोलून धरली, म्हणून घराण्याला हे आडनाव मिळालं, असं त्यांच्या घरात सांगत. लाखनीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण चालताना रुबाब असा, जणू पाळ त्यांनीच धरली होती!

एकाहत्तर सालची भाताची रोवणी चालू होती. एकुलत्या एका लेकीला, शोभाला, त्यांनी मुद्दाम करडीला, मूळ गावी, आणलं होतं. टेकचंद हा गुणी मुलगा तिला पसंत होता. घरजावई होऊन पाळबांधे आडनाव लावायलाही तो तयार होता. तिथंच पुंडलिकराव अडून बसले होते.

"नाव बुडलं तरी चालन, पण परक्याले नाही देणार."

"परका कायले, बाबा? तो आपल्याच घरी राहीन, आपल्याच घरी मरन."

"आधी गोमाजीचं ठाण पाय. मंग बोल."

मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्यापुढे हिरव्या बांगड्या वाहिलेल्या होत्या. ठाणाची देखभाल करणाऱ्या चंद्रभागाबाई त्यांच्या नात्यातल्या आत्या. त्यांनी रोवणीतली रोपांची पहिली पेंढी ठाणावर वाहायला शोभाच्या हाती दिली. पुंडलिकरावांनी हात पुढे केला, तर म्हातारीनं तो बाजूला सारला.

"बाप्याचा हात नाही लागत इथं. लेकीचा मान आहे."

पुंडलिकरावांना ते आवडलं. एवढ्या मोठ्या पुरुषाची पूजा लेकींनीच करावी.

"आत्या, पाळ फुटली ते सांगा हिले."

"काय सांगू, माय! पाणी आत घुसलं, गडीमाणसं पळाली. भगदाडात पाठ लावून एका जिवानं पाणी अडवलं. गाव माती घेऊन येईपर्यंत जागा सोडली नाही. कंबर मोडली ते जलमभर."

पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. असं रक्त आपल्या अंगात आहे! त्यांनी दगडापुढे डोकं टेकलं.

"ऐकलं, शोभा? या गोमाजीचं नाव मी घरजावयाले देऊ?"

चंद्रभागाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"गोमाजी कुठून काढला, बापू? पाळ धरली आमच्या रुखमिणीनं, या घरच्या लेकीनं. गावानं पाळबांधे म्हटलं ते तिले. गोमाजीनं तं लगीन झाल्यावर ते नाव लावलं. घरजावई होता ना तो."