नऊपैकी सात

नाणे टेबलावर पडले, छापा निघाला आणि हल्ल्याची बाजू मास्तरांकडे आली.

काचेपलीकडे वृत्तनिवेदिका देशाच्या ठळक बातम्या वाचत होती. त्या संपल्या की रेडिओवर शहरातल्या संघांविषयीचा रोजचा वाद सुरू होई. कोणी कोणती बाजू घ्यायची हे नाणेफेकीने ठरे. अकरा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. संघाचे भक्त व्हायचे नसेल तर याहून खात्रीचा उपाय नाही, असे मास्तरांचे मत होते. ते पूर्वी गणित शिकवत. त्यांच्याशी वाद घालणाऱ्या वकिलांनी मात्र वकिली कधीच केली नव्हती. आवाजामुळे त्यांना ते नाव पडले होते.

आजचा प्रश्न असा होता: शनिवारच्या अंतिम सामन्यातून शहराच्या फुटबॉल संघाच्या गोलरक्षकाला वगळावे का? काल संघ कसाबसा जिंकला, तरी त्याने पेनल्टीवर दोन गोल खाल्ले होते. गोलरक्षक मास्तरांचा मुलगा होता.

“पुन्हा टाकू या,” वकील कुजबुजले. “कोणाच्या बापाला कळतंय?”

“बाप इथेच बसलाय,” मास्तर म्हणाले.

लाल दिवा लागला.

“पोरगं वाघ आहे, वाघ!” वकिलांनी सुरुवात केली. “काल फक्त दैव आडवं आलं. वगळा म्हणणाऱ्यांनी एकदा जाळ्यासमोर उभं राहून दाखवावं!”

“दैव एकाच बाजूने येत नाही,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. “या हंगामात त्याने नऊ पेनल्टींना तोंड दिलं. त्यांतल्या सात त्याच्या डावीकडून आत गेल्या. कारण साधं आहे. फटका बसण्याआधी तो अर्धं पाऊल उजवीकडे सरकतो. ज्याला हे दिसलं, त्याला डावी बाजू मोकळी.”

वकिलांनी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. मास्तरांनी पाय मागे घेतला आणि सातही गोल तारखांसह सांगितले. युक्तिवादात कुठे फट नव्हती.

निर्मातीने श्रोत्यांपैकी पहिला फोन जोडला.

“बोला, कोण बोलतंय?” वकिलांनी विचारले.

“गोलरक्षक.”

वकिलांचा आवाज अकरा वर्षांत प्रथमच बसला.

“बाबा, ते अर्धं पाऊल मला ठाऊक नव्हतं,” मुलगा म्हणाला. “आमच्या प्रशिक्षकांनाही नव्हतं. आता शनिवारी समोर येणाऱ्या संघाला ठाऊक झालं. सरावाला जाताना त्यांच्या बसमध्ये तुमचाच कार्यक्रम लागतो.”

मास्तरांनी वहीकडे पाहिले. मुलाला वगळण्याचे कारण दहा मिनिटांपूर्वी कच्चे होते. ते त्यांनीच पक्के केले होते.

“आता यावर उपाय काय, तोही सांगून टाका की,” मुलगा म्हणाला. “गावाला कळलंच आहे, तर तेवढं तरी कशाला लपवायचं?”

मास्तरांची नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर गेली. वकील हातवारे करू लागले: बोला, काहीतरी बोला. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवले.

सलग आठ सेकंद शांतता म्हणजे बिघाड, असे केंद्रातले यंत्र समजते आणि कार्यक्रम तोडून जाहिराती लावते. नवव्या सेकंदाला लाल दिवा विझला. शहरभर गाद्यांची जाहिरात सुरू झाली. फोन मात्र जोडलेलाच होता.

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

“हं, आता विचार,” ते म्हणाले. “आता ऐकणारा तू एकटाच आहेस.”